क्रीडमूरवाला जावई

काका, नमस्कार. मी मूळचा कुडाळजवळचा, वय ३४. अमेरिकेत येऊन ९ वर्षं झाली, ग्रीन कार्ड आहे, विस्कॉन्सिनमध्ये राहतो. बायको इथलीच. तिचं माहेर उत्तरेकडचं, नॉर्वेजियन वंशाचं, घरात चार पिढ्या शिकार. गेल्या वर्षी मी हंटर सेफ्टीचा कोर्स केला, दुकानदाराच्या सल्ल्याने सिक्स-फाइव्ह क्रीडमूर रायफल घेतली आणि नोव्हेंबरात पहिल्यांदा त्यांच्या डिअर कॅम्पला, म्हणजे हरणाच्या शिकारीच्या मुक्कामाला, गेलो. पेटीतून रायफल काढली आणि सगळे हसायलाच लागले. 'तुझा अंबाडा कुठाय?', 'दाढीचं तेल आणलंस का?' मेहुण्याने कुणाच्या तरी केसांचा काळा रबर आणून बोल्टच्या, म्हणजे काडतूस भरायच्या दांड्याच्या, मुठीला अडकवला. शनिवारी संध्याकाळी ९० यार्डांवर एक मादी आली, पण मध्ये फांद्या होत्या म्हणून मी बार काढला नाही. रात्री पत्ते खेळताना मेहुणा म्हणाला, 'याला हरीण दिसलं होतं, पण वाय-फाय नव्हतं.' रविवारी पहाटे सासऱ्यांनी स्वतःची थर्टी-ऑट-सिक्स माझ्यापुढे धरली. त्यांच्या वडिलांची आहे. म्हणाले, आज ही ने, मी थर्टी-थर्टी घेऊन बसतो. मला ते फार लागलं. 'नो, थँक्स' म्हटलं आणि दुपारी गाडी काढून घरी आलो. आता पुन्हा नोव्हेंबर जवळ आलाय. क्रीडमूर विकून थर्टी-ऑट-सिक्स घेऊ का? की जाऊच नको? मी ब्राउन म्हणून हे चाललंय का, हेही डोक्यातून जात नाही. आमच्या आजोबांकडे शेतीसंरक्षणाची ठासणीची बंदूक होती, त्यामुळे बंदूक मला परकी नाही. तरी त्या खोलीत मी परका झालो.
– विस्कॉन्सिनचा जावई

जावईबापू,

पत्रात काका म्हटलंस, म्हणून एकेरीवर येतो. रायफल विकू नकोस आणि कॅम्पला जा. हे आधीच सांगून टाकतो, कारण उत्तर लांबणार आहे आणि तेवढा वेळ तुझ्या जिवाला घोर नको. तुझ्या पत्रातली एक गोष्ट मात्र मला रबरापेक्षा आणि वाय-फायपेक्षा फार मोठी वाटली, आणि नेमकी तीच तू चार ओळींत उरकलीस. तिच्याकडे सावकाश येतो.

मी मिनेसोटात ३१ वर्षं आहे. त्यातल्या २२ वर्षांचे नोव्हेंबर मी एका सहकाऱ्याच्या घरच्या कॅम्पमध्ये काढले आहेत. लाकडी खोली, मधोमध लोखंडी शेगडी, दोरीवर वाळत घातलेले लोकरी मोजे, आणि दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने लिहिलेल्या नोंदी: कुठल्या वर्षी कुणी काय मारलं. अशा खोलीत नवा माणूस आला की पहिला प्रश्न असतो, 'काय चालवतोस?' उत्तर मिळालं की पाच मिनिटांत त्याची कुंडली मांडून होते.

आपल्याकडे गाडीवरून माणूस ओळखतात ना, तसंच हे. बुलेटवाला म्हणजे मिशीला पीळ आणि गल्लीत शिरायच्या आधी आवाज. राजदूत म्हणजे दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅना. चेतक म्हणजे बँकेतले काका, किक मारायच्या आधी स्कूटर एका अंगाला कलती करणार. स्प्लेंडरवाला अ‍ॅव्हरेजशिवाय दुसरं काही बोलणार नाही. यात खरं किती ते कुणी मोजायला बसत नाही, आणि बुलेटवाल्याला बुलेटवाला म्हटलं की तो खूशच होतो.

तर तिथली कुंडली ऐक, म्हणजे यंदा हसणं कुठून येतंय ते कळेल. थर्टी-थर्टी, थर्टी-ऑट-सिक्स ही सगळी नावं मुळात काडतुसांची, रायफलही त्याच नावाने ओळखतात. थर्टी-थर्टीवाला म्हणजे आजोबा. लाल-काळ्या चौकडीचा लोकरी कोट, तोही बापाचा. दुर्बीण लावणार नाही, नळीवरच्या माशीवरच नेम धरणार. शंभर यार्डांपलीकडचं हरीण त्याच्या हिशेबी दुसऱ्या कुणाचं तरी. २० काडतुसांचा एक डबा त्याला १५ वर्षं पुरतो, आणि डब्यावर चिकटवलेली जुनी किंमत तो दर वर्षी सगळ्यांना वाचून दाखवतो. थर्टी-ऑट-सिक्सवाला वादात पडतच नाही. 'हिने दोन महायुद्धं पाहिलीत' एवढं बोलून बटाटे सोलायला घेतो. टू-सेव्हन्टीवाला वाचणारा माणूस. रायफल पेटीबाहेर यायच्या आधी जॅक ओ'कॉनरचं नाव निघतं. 'आउटडोअर लाइफ' मासिकात ओ'कॉनर यांनी कित्येक दशकं या काडतुसाची बाजू लढवली, आणि टू-सेव्हन्टीवाल्यांच्या घरी ते जुने अंक अजून जपून ठेवलेले असतात.

टू-फॉर्टी-थ्री कधी कुणाची स्वतःची नसते. 'पोरीसाठी घेतली' असं सांगतात. पोरगी कॉलेज संपवून शिकागोला नोकरीला लागलेली असते, आणि बाप दर वर्षी तिचीच बंदूक घेऊन येतो, कारण खांद्याला लागत नाही आणि जिथे नेम धरावा तिथेच गोळी जाते. थ्री-हंड्रेड विन-मॅगवाल्याला पुढच्या वर्षी कोलोरॅडोला एल्क या मोठ्या हरणासाठी जायचं असतं. ते पुढचं वर्ष दहा वर्षं येत नाही, आणि तोवर तो ती तोफ ६० यार्डांवरच्या हरणावर चालवतो. फॉर्टी-फाइव्ह-सेव्हन्टी हे १८७३ सालचं लष्करी काडतूस. ते बाळगणाऱ्याची दाढी छातीपर्यंत, गोष्टी सगळ्या अलास्काच्या अस्वलांच्या, घर ओहायोत. मिशिगनच्या दक्षिण भागात बाटलीसारख्या मानेची रायफलची काडतुसं हरणासाठी चालत नाहीत, सरळ नळकांड्यासारखी चालतात. तिथून कुणी थ्री-फिफ्टी लेजंड घेऊन आला की काडतुसाबद्दल विचारल्यावर तो आधी नियम सांगतो. आणि थ्री-ओ-एटवाला शिस्तीचा, एक तर सैन्यातला, नाही तर सैन्यात जायचं राहून गेलेला. मी थ्री-ओ-एट चालवतो. २२ वर्षं मला पहाटे चार वाजता 'उठा, सार्जंट' म्हणून हलवतात. मला ते आवडतं. ज्या वर्षी तसं उठवणार नाहीत त्या वर्षी मला चुकल्यासारखं होईल.

आता तुझं क्रीडमूर. हे काडतूस २००७ मध्ये नेब्रास्कातल्या हॉर्नडी कंपनीने आणलं, तेही कागदी निशाणांवरच्या स्पर्धांसाठी. नाव घेतलं न्यूयॉर्कजवळच्या क्रीडमूर या नेमबाजीच्या मैदानावरून, जिथे १८७४ मध्ये अमेरिका आणि आयर्लंड यांचा गाजलेला सामना झाला होता. धक्का कमी, गोळी लांब आणि सडपातळ, वाऱ्यात कमी भरकटते. यूट्यूब आणि मोबाइलवरची गणितं करणारी अ‍ॅपं जोरात आली त्याच काळात हे काडतूसही पसरलं, आणि ज्यांच्या घरात कुणीच शिकार केली नव्हती अशा शहरी पोरांनी ते उचललं. अंबाडा, दाढीचं तेल, महागडी बिअर, अंगाला चिकटलेली जीन्स हे सगळं तिथून आलं. 'सिक्स-फाइव्ह नीड-मोअर' असंही चिडवतात, म्हणजे अजून थोडी ताकद हवी होती. तू बोलण्यात कमी पडलास किंवा तुझ्या कपड्यांत काही चुकलं असं नाही. उद्या त्या खोलीत एखादा गोरापान शेतकऱ्याचा पोरगा क्रीडमूर घेऊन शिरला तरी रबर त्याच्याही बोल्टला लागेल.

मला या प्रकारात सर्वांत जास्त काय भावतं सांगू? क्रीडमूरच्या गोळीचा व्यास ६.७ मिलिमीटर. सासऱ्यांच्या थर्टी-ऑट-सिक्सच्या गोळीचा ७.८. फरक १.१ मिलिमीटर, फोडणीतल्या बारीक मोहरीच्या एका दाण्याएवढा. तेवढ्या फटीत त्या लोकांनी वय, गाव, बाप, मुलगी, अपुरी राहिलेली स्वप्नं असा अख्खा संसार बसवलाय.

शिवाय यातलं प्रत्येक काडतूस कधी तरी नवं होतं. थर्टी-थर्टी १८९५ मध्ये आली तेव्हा बिनधुराच्या दारूचं ते अगदी नव्या तंत्राचं काडतूस होतं. फॉर्टी-फाइव्ह-सेव्हन्टीच्या जाडजूड शिशाच्या गोळीशेजारी तिची गोळी ठेवून बघ, काडीच वाटते. आज ती आजोबांची झाली. टू-सेव्हन्टी १९२५ ची. ती म्हणजे थर्टी-ऑट-सिक्सच्याच घराण्यातलं काडतूस, मान आवळून थोडी बारीक गोळी बसवलेली. आयडाहोचे एल्मर कीथ हे तेव्हाचे मोठे नाव, जड आणि रुंद गोळीचे पुरस्कर्ते. मोठ्या जनावराला टू-सेव्हन्टी हलकी पडते हे त्यांचं मत त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. ओ'कॉनर आणि कीथ यांचा तो वाद इतका रंगला की दोघंही गेल्यावर ४० वर्षांनी लोक कॅम्पात त्यांच्या बाजू घेऊन भांडतात. बारीक गोळीबद्दलची शंका तुझ्या मेहुण्याच्या जन्माआधीपासूनची आहे. आपल्या कुमाऊंत जिम कॉर्बेट नरभक्षकांमागे हिंडले ते टू-सेव्हन्टी-फाइव्ह रिग्बी घेऊन, तीही मध्यम गोळीचीच. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल त्यांना ती भेट मिळाली होती.

आणि आता खास तुझ्या सासरची गोष्ट. नॉर्वेच्या सैन्याने १८९४ मध्ये जी क्राग-यॉर्गेनसन रायफल घेतली तिचं काडतूस होतं साडेसहा बाय पंचावन्न. स्वीडननेही तेच घेतलं. गोळीचा व्यास तुझ्या क्रीडमूरचाच. आजही त्या दोन देशांत लोक त्या काडतुसाने मूस मारतात, आणि मूस म्हणजे आपल्या इथल्या व्हाइटटेल हरणाच्या कितीतरी पट मोठं धूड. म्हणजे ज्या गोळीवरून तुला हसले ती त्यांच्या पणजोबांच्या देशातली घरची गोळी आहे. पण हे तिथे व्याख्यानासारखं सांगू नकोस. एखाद्या रात्री, जेवणं झाल्यावर, सासऱ्यांना एवढंच विचार की तुमच्या पणजोबांच्या गावी तेव्हा कुठली बंदूक असायची. त्यांना माहीत असेल तर ते स्वतःच सांगतील, आणि मेहुण्याकडे बघून सांगतील. माहीत नसेल तर ते शोधायला लागतील, आणि महिन्याभरात तुला फोन येईल.

ब्राउन असण्याचा प्रश्न मी टाळणार नाही. माझी कसोटी साधी आहे: तीच रायफल घेऊन आलेल्या दुसऱ्या कुणालाही तो विनोद चिकटेल का? अंबाडा चिकटतो, वाय-फाय चिकटतं. तुझ्या पत्रात जे जे आहे ते सगळं चिकटतं. पण तुझं नाव, तुझा रंग, तुझं जेवण, तुझे उच्चार यावर कुणी घसरला तर हसू नकोस. त्याच क्षणी, आवाज न चढवता, 'हे मला चालणार नाही' असं म्हण. कॅम्पात एकदा एक पाहुणा माझ्या डब्यातल्या मेतकूट-भाताच्या वासावर काहीतरी बोलला होता. मी तोंड उघडायच्या आधी कॅम्पच्या म्हाताऱ्याने त्याला बाहेर लाकडं फोडायला पाठवलं आणि स्वतः माझ्या डब्यातला भात मागून घेतला. पाहुणा पुन्हा दिसला नाही. घरच्या मालकाने अशा वेळी काय करायचं ते केलंच पाहिजे, आणि तुझे सासरे करतील असं मला त्यांच्या रविवारच्या वागण्यावरून वाटतं.

आता त्या मादीबद्दल. फांद्या मध्ये होत्या म्हणून तू बार काढला नाहीस. शाब्बास. मनापासून म्हणतो. बोटभर जाडीची फांदीही गोळीची वाट बिघडवायला पुरते, मग ती गोळी कुठल्याही काडतुसातली असो. पहिला हंगाम, पहिलं हरीण, छातीत धडधड, हातमोज्यात घाम, आणि तरी तू बोट चापावरून काढून घेतलंस. त्यावर मेहुण्याने विनोद केला. पण नीट आठव, 'मारायला हवं होतंस' असं कुणी म्हणालं का? तुझ्या पत्रात तरी तसं एकही वाक्य नाही.

या मुद्द्यावर मी हळवा आहे, त्याचं कारण सांगतो. आमच्या कॅम्पात एक जण विन-मॅग चालवायचा. दणकट गडी, पण त्या बंदुकीचा धक्का त्याच्या मनात बसला होता. चाप ओढायच्या आधीच खांदा आखडायचा, डोळे मिटायचे. एका संध्याकाळी त्याने एका नराला पोटात गोळी घातली. आम्ही पाच जण रात्री ११ पर्यंत बॅटऱ्या घेऊन बर्फात माग काढत होतो. आधी टपोरे थेंब, मग लवंगेएवढे, मग वीस-वीस पावलांवर एक. प्रत्येक थेंबाशी एक जण उभा राहायचा आणि बाकीचे पुढचा शोधायचे. नर सापडला दुसऱ्या दिवशी सकाळी, दलदलीच्या कडेला, आणि तो रात्रभर जिवंत होता हे बर्फावरून दिसत होतं. त्या गड्याने नाश्ता केला नाही. पुढच्या वर्षी तो टू-फॉर्टी-थ्री घेऊन आला, आणि त्याला त्या वर्षी कुणीही चिडवलं नाही.

म्हणून सांगतो, क्रीडमूर तुझ्या खांद्याला सोसते ही तिची फार मोठी किंमत आहे. तिचा धक्का थर्टी-ऑट-सिक्सच्या साधारण दोन-तृतीयांश. नोव्हेंबरपर्यंतचे शनिवार हाताशी आहेत, ते वाया घालवू नकोस. किराणा दुकानात नऊ इंची कागदी प्लेटा मिळतात, त्या घे. हरणाची छाती, जिथे हृदय आणि फुप्फुसं असतात, ती साधारण त्या प्लेटेएवढी. टेबलावर रायफल टेकवून मारलेला नेम मनाला बरा वाटतो, पण मचाणावर टेबल नसतं. गुडघ्यावर बसून, झाडाला टेकून, उभं राहून मार. ज्या अंतरावर पाचपैकी पाच गोळ्या प्लेटेत जातात ते तुझं अंतर, मग ते ८० यार्ड असो की १५०. त्यापुढचं हरीण बघायचं आणि जाऊ द्यायचं. मित्राला सांगून काडतुसांमध्ये न कळत एखादं नकली काडतूस भरून घे, सरावासाठी मिळतं ते. चाप ओढल्यावर बार झाला नाही आणि नळीचं टोक खाली झुकलं, तर धक्क्याची भीती तुझ्याही अंगात शिरलीय असं समज आणि काही दिवस अगदी कमी धक्क्याच्या पॉइंट टू-टू वर ये.

(ग्रीन कार्ड आहे म्हणून तुला अडचण नाही. पण हे वाचून एच-वन-बी वरच्या कुणाला हुरूप आला, तर थांबा. त्या व्हिसावर बंदूक बाळगणं केंद्रीय कायद्याने बंद आहे, आणि शिकारीचा वैध परवाना हा त्यातला एक अपवाद आहे. बंदुकीला हात लावायच्या आधी वकिलाशी बोला.)

आता रविवार पहाट.

तू लिहितोस, सासऱ्यांनी थर्टी-ऑट-सिक्स पुढे धरली आणि तुला लागलं. तुझी बंदूक कुचकामी आहे, जरा नीट काही तरी वापर, असा तू अर्थ घेतलास. मी तिथे नव्हतो. पण क्रम बघ. शनिवारी रात्री त्यांना कळलं की जावयाने फांद्यांमुळे बार काढला नाही. पत्ते खेळताना पोरं हसली, ते काही बोलले नाहीत, निदान तू तसं लिहिलेलं नाहीस. दुसऱ्या दिवशी पहाटे, अंधारात, त्यांनी स्वतःच्या बापाची बंदूक तुझ्या हातात द्यायला काढली. शिकारीच्या सगळ्या मोसमात ते जिच्यावर विसंबतात ती. आणि स्वतः थर्टी-थर्टी घेऊन बसणार होते. नऊ दिवसांचा हंगाम असतो विस्कॉन्सिनमध्ये, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो. त्यातला दुसरा दिवस, अजून रान फारसं बुजलेलं नाही, आणि म्हातारा स्वतःची बंदूक सोडायला तयार झाला.

अशी बंदूक पुढे करताना मी २२ वर्षांत दोनदाच पाहिलंय. एकदा बापाने मुलाला दिली. एकदा आमच्या कॅम्पच्या म्हाताऱ्याने नातीला दिली, तिने आदल्या दिवशी पिल्लाबरोबरची मादी सोडून दिली होती म्हणून. दोन्ही वेळा देणाऱ्याने दोन वाक्यांपेक्षा जास्त शब्द वापरले नाहीत. ती माणसं तशीच असतात. 'तू चांगलं केलंस' हे त्यांच्या तोंडून येत नाही, मग ते हातातली वस्तू पुढे करतात.

आपल्याकडे जावयाला अधिक महिन्यात बोलावतात, चांदीच्या ताटात अनारसे वाढतात, पाट-रांगोळी करतात. तुझ्यासाठी त्या पहाटे जे पुढे आलं ते वाण होतं, आणि तू ते न घेता उठलास. तुला दोष देत नाही. सगळा दिवस हसणं ऐकून मन सोललेलं होतं, त्यात हे कुणाला कळणार? पण त्या माणसाला ते कसं वाटलं असेल याचा विचार कर. गेले दहा-अकरा महिने तेही कदाचित हेच मनात घोळवत बसले असतील की पोराला आपण दुखावलं.

म्हणून या रविवारी फोन कर. बायकोला करायला लावू नकोस, तू कर. गेल्या वर्षी लवकर निघून आलो त्याबद्दल माफी माग, एका वाक्यात, कारणं न देता. मग त्यांना तुझ्या आजोबांची गोष्ट सांग. कुडाळकडची भातशेती, रात्री उतरणारी रानडुकरं, ठासणीची बंदूक. दारू ओतायची, चिंधी सारायची, छर्रे टाकायचे, गजाने ठासायचं, टोपी बसवायची, आणि एवढं करून एकच बार. चुकला की डुक्कर पळालं आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं. थर्टी-थर्टीवाल्यांना एका बाराचं मोल समजावून सांगावं लागत नाही. तू पत्रात ती बंदूक एका वाक्यात टाकलीस, आणि माझी खात्री आहे की त्या खोलीत तू तिचा उच्चारही केला नसशील. तुला परकं वाटलं, पण तू कुठल्या घरातून आलास हे त्यांनाही अजून ठाऊक नाही.

आणि मग विचार: हंगामाच्या आधी एखाद्या शनिवारी तुमच्या वडिलांच्या बंदुकीने मला दोन-चार बार काढू द्याल का? मागू नकोस, विकत घेण्याचं बोलू नकोस, हंगामात नेण्याचंही नको. फक्त त्यांच्या शेजारी उभं राहून ती एकदा खांद्याला लाव. ती जोरात लागेल. लागली तर लागली म्हणून सांग, त्यांना आवडेल. नोव्हेंबरात मात्र तुझी क्रीडमूरच घेऊन मचाणावर बस, कारण प्लेटेवरचे सगळे शनिवार तू तिच्यासोबत काढलेले असतील.

त्या दिवशी टेबलावर दोन वेगळ्या काडतुसांच्या रायफली असतील, म्हणून एक काळजी घे. एका वेळी एकाच रायफलीचा डबा बाहेर, दुसरा गाडीत बंद. एकीचं काडतूस दुसरीत गेलं तर बंदूक फुटू शकते, डोळे जाऊ शकतात, आणि गप्पांच्या नादात हे अनुभवी माणसांच्या हातूनही होतं.

रबर काढला असशील तर शोध, आणि पुन्हा बोल्टच्या मुठीला लाव. जाताना सासऱ्यांच्या बंदुकीसाठी २० काडतुसांचा एक डबा घेऊन जा. त्यांना किती ग्रेनची (म्हणजे किती वजनाची) गोळी लागते, कुठल्या कंपनीची लागते, हे दुकानदाराला विचारू नकोस. मेहुण्याला फोन करून विचार.

– काका